आबांचा उजवा कान

व्हिडिओत कानाशिवाय काहीही दिसत नव्हतं, यावर कल्याण शेवटपर्यंत ठाम होता. नाक नाही, डोळे नाहीत, नाव नाही, गाव नाही. "नुसता कान," तो ज्याला त्याला सांगायचा. "कानावरून कधी माणूस ओळखतं का कोणी?"

त्याचं म्हणणं जालन्यापुरतं खरं असेलही. वाघजाळीला ते लागू पडत नव्हतं.

कल्याण नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीत नोकरीला होता आणि त्याची बायको, डॉ. आकांक्षा, हिने मंठ्यात कान-नाक-घशाचा दवाखाना टाकला होता. दवाखाना नवा होता, भिंतींना अजून रंगाचा वास येत होता आणि बाहेरच्या बाकांवर बरेचदा औषध कंपन्यांची माणसंच बसलेली असत. कल्याणला हे बघवत नसे. त्याच्या धंद्यात बियाणं चांगलं उगवलं की बांधावर बोर्ड ठोकायचे, शेताच्या मालकाला नवी टोपी घालून पिकाशेजारी उभं करायचं, फोटो काढायचा आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं जीपमधून आणून त्यांना प्लॉट दाखवायचा, अशी रीत होती. शेतकरीसुद्धा हौसेनं उभा राहायचा.

"तुझे पेशंट म्हणजे तुझे प्लॉटच आहेत," तो जेवताना म्हणायचा. "प्लॉट एवढा छान आला तर चार गावांना दाखवायला नको?"

"अहो, कपाशीला लाज नसते," आकांक्षा म्हणायची.

पण बाक रिकामे दिसले की डॉक्टरचाही धीर सुटतो. शेवटी तिनं अट घातली. चेहरा दाखवायचा नाही, नाव सांगायचं नाही, आणि पेशंटला विचारल्याशिवाय फोन चालू करायचा नाही. एवढं पाळलं की कोणाचं काही बिघडत नाही, असं तिला मनापासून वाटलं. कल्याणनं इंटरनेटवर दवाखान्याचं पान उघडलं आणि तपासणीच्या खुर्चीशेजारी फोनचा स्टँड आणून ठेवला.

कारभारी आबा वाघजाळीहून आले ते या स्टँडच्या पहिल्याच आठवड्यात. सत्तरी उलटलेली, धोतर, पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. ज्या जीपनं ते आले तिच्या ड्रायव्हरनं त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि आत डोकावून सांगितलं, "म्याडम, जोरात बोला बरं. आबाला ऐकू येत न्हाई. गाव जमा झालं तरी पत्ता लागत न्हाई त्यायला."

"काय होतंय, आबा?" आकांक्षानं ओरडून विचारलं.

"उजवा कान ठणकून राह्यलाय," आबा म्हणाले.

आकांक्षा आबांच्या डावीकडच्या ट्रेमधून चिमटा उचलायला वळली आणि तिथूनच तिनं नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "उपचाराचा व्हिडिओ काढू का, आबा?" बहिऱ्या माणसाला असं पुटपुटत विचारण्यात अर्थ नाही, हे तिच्या लक्षात येईपर्यंत आबांनी मान हलवलीसुद्धा होती. बहिरी माणसं कशालाही मान हलवतात. आकांक्षाला हे ठाऊक होतं, पण मान तर हलली होती, म्हणून तिनं फोन चालू केला. तिनं काम सुरू केलं.

कानात मळाचा दगड झाला होता. कोमट पाणी, थेंब, पुन्हा पाणी, आणि मग चिमट्याला जांभळाच्या बीएवढा काळा गोळा लागून आला. आबांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"आता ऐकू येतंय का?"

"येतंय. बराबर येतंय."

आकांक्षाला फार आनंद झाला. डॉक्टरकीत असा सरळ आनंद क्वचित मिळतो. "आता डावा बघू," ती म्हणाली. पण आबांनी टोपी घातली. "त्यो राहू द्या, बाई. जल्दी हाये. जीप निघून जाईल." आणि पिशवी उचलून ते गेलेही.

बरेच दिवस तो व्हिडिओ फोनमध्ये तसाच पडून होता. सणासुदीची गडबड संपली आणि एका रिकाम्या रविवारी कल्याणला तो सापडला. त्यानं आबांचा आवाज काढून तिथे सनई टाकली आणि वर लिहिलं, "कित्येक वर्षांचा बहिरेपणा गेला! मंठा तालुक्यातील आजोबा पुन्हा ऐकू लागले."

चित्रात खरोखरच नुसता कान होता. फक्त त्या कानाच्या वरच्या पाळीत तांब्याची बाळी होती आणि खालची पाळी मधोमध उभी चिरलेली होती. ती फार वर्षांपूर्वी एका म्हशीनं शिंगानं चिरली होती. भर पोळ्याला, मारुतीच्या देवळासमोर, अख्ख्या गावादेखत. तेव्हापासूनच आबा बहिरे झाले असं वाघजाळी मानत होती.

पहिली प्रतिक्रिया दुपारी आली. "ह्यो कान कुठंतरी पाह्यल्यासारखा वाटून राह्यलाय."

दुसरी लगेच. "म्हशीनं फाडलेला हाये. कारभारी आबा, वाघजाळी."

तिसऱ्या माणसानं लिहिलं, "आबाला ऐकू येऊन राह्यलं??"

आणि मग कोणीतरी एकच शब्द टाकला, "कवापासून?" त्याखाली वाघजाळीच्या माणसांच्या पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागली.

आकांक्षानं हे संध्याकाळी पाहिलं आणि फोन कल्याणसमोर धरला. "अहो, काढा तो व्हिडिओ."

"थांब, मी सांभाळतो," कल्याण म्हणाला, आणि त्यानं दवाखान्यातर्फे अधिकृत उत्तर लिहिलं. "रुग्णाची ओळख गुप्त ठेवण्यात आली आहे. वाघजाळीच्या नागरिकांनी अंदाज बांधू नयेत."

ज्यांना अजून शंका होती त्यांची यानं फिटली. मग मात्र घाबरून त्यानं व्हिडिओ काढून टाकला. काढून टाकला म्हणजे खरा होता, असं गावानं धरलं. तोवर तो गावच्या ग्रुपवर पोचलाही होता.

सोमवारी सकाळी दवाखान्याचे बाक भरले. कल्याण ते बघून हरखला आणि पेढे आणायला गेला. आकांक्षानं पहिला पेशंट आत घेतला. हे सर्जेराव, वाघजाळीच्या सोसायटीचे व्हाईस चेअरमन. घसा बसला म्हणून आले होते आणि हे त्यांनी बाहेरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात सांगितलं.

आकांक्षानं घसा पाहिला. "घसा चांगला आहे तुमचा."

"तसा चांगलाच हाये." सर्जेरावांनी दार लोटून घेतलं. "म्याडम, त्यो आबाचा कान तुम्ही पोळ्याच्या आधी साफ केला का पोळ्याच्या नंतर? बस, येवढंच सांगा."

"का?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं! आमचं गाव खड्ड्यात. मोबाईलला रेंज फक्त आबाच्या ओट्यावर. समदं गाव तिथं येऊन बोलतं. आबा मधी पोतं टाकून बसलेले. पण त्यांचं काय, ओट्याचा खांब तसे आबा! कोणाला काय वाटणार?" त्यांनी घाम पुसला. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी म्या तिथून दोन फोन केल्ते. सोसायटीची निवडणूक हाये. दोघांलाही चेअरमन करतो म्हणून शब्द देऊन राह्यल्तो."

"दोघांनाही?"

"दोघंही आपलेच हायेत," सर्जेराव कळवळून म्हणाले.

"रुग्णाची माहिती मला सांगता येत नाही."

सर्जेरावांनी खिशातला मोबाईल काढला. "मंग मोबाईलवर कशी सांगता आली?"

आकांक्षाला लाज वाटली, आणि ती लाज दिवसभर वाढत गेली, कारण बाहेर बसलेल्यांपैकी एकाचाही कान, नाक किंवा घसा बिघडलेला नव्हता. वंदना नावाची एक तरणी सून आली. ती रोज दुपारी ओट्यावरून माहेरी फोन करून आईला सासूचं सगळं साग्रसंगीत सांगायची. तिला कान साफ झाला तो गौरींच्या आधी की नंतर, हे हवं होतं, कारण गौरींच्या दिवसांत तिनं जरा जास्तच सांगितलं होतं. ती गेली आणि पाठोपाठ तिची सासू द्वारकाबाई आली. सुनेला कबूल केलेल्या पाटल्या त्यांनी त्याच ओट्यावरून लेकीलाही कबूल केल्या होत्या. त्यांनाही गौरीच हव्या होत्या.

"मावशी, मला नाही सांगता येत."

"अगं बाई, बिलकुल कोणाला न्हाई सांगत म्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "तू मला सांग, म्या गप."

मंगळवारी आबा स्वतः आले. जीपवाला या वेळी काही बोलला नाही. त्यानंही ओट्यावरून फोन केलेले होते. आबा खुर्चीत बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि समोरच्या भिंतीवरचं कानाचं चित्र बघू लागले.

"पुन्हा ठणकतोय का, आबा?"

"न्हाई. बाई, ह्यो परत भरता येतो का?"

"काय?"

"तुम्ही काढलं ते परत घालता येतं का, इचारून राह्यलो."

आकांक्षाला हसू आलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहून ते जागीच विरलं.

"ओटा रिकामा पडला, बाई," आबा म्हणाले. "म्हतारी गेली. पोरगा पप्पू चाकणला कंपनीत, दिवाळीला आला तर आला. सकाळी उठायचं, पोतं झटकायचं, माठ भरायचा, की माणसं येऊन राह्यली. कोणी भांडतं, कोणी रडतं, कोणी पोरीला सासरी कसं राह्यचं ते सांगतं. दिवस कसा जातो कळत न्हाई. आता समदे टेकडीवर चढून राह्यले फोनासाठी. द्वारकाबाई गुडघे धरधरून टेकडी चढती, पण माझ्या ओट्याला पाय लावत न्हाई. काल माठातलं पाणी तसंच व्हतं संध्याकाळी. झाडाला घातलं."

"आबा, माझी चूक झाली," आकांक्षा म्हणाली. "मी तुम्हाला विचारलं होतं, पण..."

"इचारलं की. काढू का म्हणाल्या. गावाला दावू का, असं न्हाई म्हणाल्या."

आबा रागावून बोलले असते तर आकांक्षाला सोपं गेलं असतं.

"मंग असं करा," आबा पुढे झुकले. "दुसरा व्हिडिओ टाका. आबाचा कान काही बरा झाला न्हाई म्हणून सांगा."

"खोटं कसं सांगू, आबा?"

"बरं, ऱ्हायलं. गप बसता येईल का? गाव काही बी म्हणालं तरी?"

"येईल."

"बघा हां," आबा टोपी घालत म्हणाले. "लई अवघड असतं ते."

पुढचं आकांक्षाला जीपवाल्याकडून कळलं. गावी परतल्यावर आबा कोणी काही बोललं की पूर्वीसारखे "आं?" म्हणू लागले. एवढ्यावर विश्वास ठेवेल तर ती वाघजाळी कसली! सर्जेरावांनी चार माणसं घेतली आणि प्लॉट बघायला निघाल्यासारखी मंडळी ओट्यावर गेली. एकानं आबांच्या पाठीमागे लोखंडी घमेलं आदळलं. आबांनी तंबाखू मळली. दुसरा ओरडला, "आबा, पोत्याखाली साप!" आबांनी पोत्यावर मांडी नीट घातली. द्वारकाबाईंनी, अगदी नाइलाजानं, आबांच्या गेलेल्या बायकोला पुरणपोळी कधी जमलीच नाही असं मोठ्यानं सांगितलं आणि मनातल्या मनात तिची माफी मागितली. आबा रस्त्याकडे बघत होते.

शेवटी सर्जेराव त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, पप्पू आला बघा चाकणहून. फाट्यावर उतरून राह्यलाय."

फाटा आबांच्या मागे होता. आबांनी मान वळवली नाही. माठावरचं झाकण थोडं तिरकं होतं, ते त्यांनी उचललं, नीट ठेवलं, पुन्हा उचललं आणि पुन्हा नीट ठेवलं. "बहिराच हाये बिचारा," सर्जेराव म्हणाले, आणि गावाचा जीव भांड्यात पडला. संध्याकाळपर्यंत ओटा भरला होता.

ऐकता ऐकता आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते जीपवाल्याला दिसू दिलं नाही.

आता आबा बहिरे ठरले, म्हणजे व्हिडिओ खोटा ठरला. सर्जेरावांनी ग्रुपवर लिहिलं, "मंठ्याच्या डॉक्टरणीचा व्हिडिओ बनावट. आबाची फसवणूक. सावध राहा." ते शेजारच्या गावांत गेलं, तिथून मंठ्याच्या बाजारात आलं. दवाखान्याच्या पानावर लोक एक तारा देऊन जाऊ लागले. ज्यांचे कान खरोखर दुखत होते ते जालन्याला गेले. बाकांवर पुन्हा औषध कंपन्यांची माणसं दिसू लागली, आणि पुढे तीही कमी झाली.

कल्याण खवळला. "म्हातारा खोटारडा आहे!"

"त्यांनी काही खोटं सांगितलेलं नाही. ते फक्त 'आं' म्हणतात."

"माझ्याकडे मूळ व्हिडिओ आहे. सनई काढली की त्याचा आवाज आहे. 'येतंय. बराबर येतंय.' हा एवढा तुकडा टाकला की सगळ्यांची तोंडं बंद!"

"आणि त्यांचा ओटा?"

"आणि आपला दवाखाना?" कल्याण म्हणाला. तोही चुकीचं बोलत नव्हता. दवाखान्याचे हप्ते त्याच्या पगारातून जात होते आणि बायकोच्या हाताला गुण आहे हे त्याला ठाऊक होतं. "आमच्याकडे प्लॉट फसला तर रातोरात बोर्ड काढतात. इथं प्लॉट उत्तम आलाय आणि बोर्ड लावायची चोरी!"

आकांक्षानं त्याच्याकडून फोन घेतला. व्हिडिओ एकदा आवाजासकट ऐकला. "बराबर येतंय" म्हणताना आबांचा आवाज किती हलका झाला होता, हे तिला पहिल्यांदाच जाणवलं. मग तिनं तो पुसून टाकला आणि फोन परत दिला. त्या रात्री कल्याण तिच्याशी बोलला नाही, आणि गप्प बसणं किती अवघड असतं ते तिला कळलं.

दिवाळीनंतर वाघजाळीच्या शाळेनं मुलांचे कान तपासायला डॉक्टर मागवला. वाघजाळी म्हटल्यावर दुसरं कोणी जाईना, म्हणून आकांक्षा गेली. तपासणी संपली तेव्हा घरी निघाल्याचं कळवायला तिनं फोन काढला, तर रेंज नव्हती. मुलांनीच तिला ओट्याकडे नेलं.

ओट्यावर उभं राहायला जागा नव्हती. वंदना एका खांबाला टेकून आईला सासूचं सांगत होती. सर्जेराव आबांच्या उजव्या हाताला उभे राहून कोणालातरी शब्द देत होते. मध्ये पोत्यावर आबा, शेजारी माठ. आकांक्षाला बघून सर्जेरावांनी फोनवर हात ठेवला आणि आबांच्या कानाशी वाकून ओरडले, "आबा, हीच ती डॉक्टरीण! हिच्यानं काई झालं न्हाई तुमच्या कानाला!"

"आं?" आबा म्हणाले. आणि आकांक्षाकडे बघून त्यांनी पोत्याचं डावीकडचं टोक पसरून दिलं.

ती बसली. सर्जेराव पुन्हा फोनवर गरजू लागले. त्या गोंगाटात, तोंडातल्या तोंडात, उत्तराची अपेक्षा न ठेवता ती म्हणाली, "आता दुखत नाही ना, आबा?"

"न्हाई," आबा तिच्यापुरतं म्हणाले आणि माठातून पाण्याचा पेला भरू लागले.

आकांक्षा डॉक्टर होती. उजव्या कानाशी सर्जेराव ओरडत असताना तिचं पुटपुटणं त्या कानाला ऐकू जाणं शक्य नव्हतं, हे तिला पहिल्यांदा सुचलं. मग आठवलं की ती डावीकडे बसली आहे. मग आठवला ट्रे, चिमटा, आणि मळ काढायच्याही आधी डावीकडून हळूच विचारलेलं "व्हिडिओ काढू का". आबांना ते शब्दन्‌शब्द पाठ होतं. आणि "त्यो राहू द्या, बाई." डाव्या कानाला कधी काही झालंच नव्हतं. म्हशीनं शिंग मारलं तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. कवापासून, असं सगळं गाव विचारत होतं. पोळा, गौरी, कितीतरी निवडणुका, ओट्यावर ठरलेली आणि मोडलेली लग्नं, रडणाऱ्या लेकी, पाटल्या, शब्द, शिव्या. आबांनी पहिल्यापासून सगळं ऐकलं होतं आणि यातलं एक अक्षर कधी ओट्याखाली उतरलं नव्हतं.

तिनं आबांकडे पाहिलं. आबांनी पाण्याचा पेला तिच्या हातात दिला.

फोन लागला. "हॅलो? ऐकू येतंय का?" कल्याण विचारत होता. त्याचा आवाज ओट्यावर सगळीकडे पोचत होता. "भेटला का म्हातारा? आता तरी खरं सांग, ऐकू येतं ना त्याला?"

सर्जेराव बोलायचे थांबले. वंदनानं आईला "थांब गं" म्हटलं.

"ते मला सांगता येणार नाही," आकांक्षा म्हणाली. "मी निघते इथून. येताना भाजी घेऊन या."

आबांनी मान हलवली. सर्जेरावांनी ते पाहिलं, पण बहिरी माणसं कशालाही मान हलवतात.